फुप्फुसातला मेदाचा थर: पॅट्रिक केनेडी प्रकरण आणि लिपिडांची रचना

प्रकरण

7 ऑगस्ट 1963. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ओटिस हवाईदल तळावरच्या रुग्णालयात सिझेरियन करून एक मुलगा जन्माला आला. दिवस भरायला अजून साधारण साडेपाच आठवडे होते. वजन 2.1 किलो. वडील तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी, आई जॅकलिन. बाळाचं नाव पॅट्रिक बूव्हिए केनेडी.

जन्मल्यावर थोड्याच वेळात बाळाला धाप लागली. त्याच दिवशी त्याला बॉस्टनच्या बालरुग्णालयात हलवलं. ऑक्सिजन दिला, तो पुरेना म्हणून हवेचा दाब वाढवलेल्या बंद कक्षात ठेवून ऑक्सिजन दिला. 9 ऑगस्टच्या पहाटे, 39 तासांचं असताना बाळ गेलं. निदान होतं ‘हायलिन मेम्ब्रेन डिसीज’. आज याच आजाराला नवजात श्वसनत्रास विकार म्हणतात.

वैद्यकाच्या इतिहासात हे प्रकरण नेहमी ‘तेव्हा उपचारच नव्हता’ एवढ्यावर संपवलं जातं. ते खरं आहे, पण अर्धवट आहे. या आजाराचं कारण चार वर्षं आधी, त्याच बॉस्टन शहरात काम करणाऱ्या संशोधकांनी छापून ठेवलं होतं. कारण होतं एका लिपिडाच्या, म्हणजे मेदवर्गातल्या रेणूच्या, थराचा अभाव. त्या लिपिडाचं नावही 1961 साली कळलं होतं. तरीही कारण कळण्यापासून हमखास लागू पडणारं औषध हाती येईपर्यंत वीसेक वर्षं गेली. एवढा उशीर का लागला, हा या अभ्यासाचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर देताना लिपिडांची रचना आणि वर्गीकरण आपोआप समोर येतं, शिवाय वर्गीकरण कुठे थिटं पडतं हेही दिसतं.

बाळाच्या छातीत काय चाललं होतं

वायुकोश म्हणजे फुप्फुसातल्या अतिसूक्ष्म हवेच्या पिशव्या. त्यांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात, त्यामुळे हवेला लागलेला त्याचा पृष्ठभाग सतत आक्रसू पाहतो. हाच पृष्ठताण. शरीराच्या तापमानाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 70 मिलिन्यूटन असतो.

लाप्लासचं सूत्र सांगतं की गोल पोकळी उघडी ठेवायला लागणारा दाब पृष्ठताणाच्या दुपटीला त्रिज्येने भागून मिळतो. त्रिज्या 100 मायक्रोमीटर धरली आणि आत नुसतं पाणी असलं तर दाब येतो सुमारे 1400 पास्कल, म्हणजे साधारण 14 सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. त्रिज्या निम्मी झाली की दाब दुप्पट. म्हणजे श्वास सोडताना वायुकोश जसजसा लहान होतो तसतसा तो मिटण्याकडेच ओढला जातो, आणि मिटलेला उघडायचा तर जास्तीत जास्त जोर लावावा लागतो. (खरे वायुकोश सुटे फुगे नसतात, ते एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून असतात. त्यामुळे हे गणित ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतं.)

दिवस भरलेल्या बाळात हा ताण श्वास सोडताना जवळजवळ शून्यावर येतो. पाण्यावर लिपिडांचा एक रेणू जाडीचा थर पसरलेला असतो, त्याची ही करामत. हा थर म्हणजे सर्फॅक्टंट. तो पुरेसा नसला की प्रत्येक श्वासाला वायुकोश मिटतात आणि बाळाला दर वेळी पहिल्या श्वासाइतकं बळ लावावं लागतं. ते थकतं. ताणलेल्या भिंतींतून रक्तद्रवातली प्रथिनं आत झिरपतात आणि त्यांचा काचेसारखा पापुद्रा जमतो. शवविच्छेदनात दिसायचा तो हा पापुद्रा. आजाराला नाव त्याचंच मिळालं आणि बराच काळ लोक त्यालाच कारण समजत राहिले.

मग दाबाखालच्या ऑक्सिजनचा उपयोग किती? जे थोडे वायुकोश उघडे होते, त्यांच्यातून रक्तात थोडा जास्त ऑक्सिजन गेला असेल. मिटलेले वायुकोश त्याने उघडत नाहीत. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात तेवढंच होतं. नवजात बाळांच्या श्वासमार्गात सतत सौम्य दाब राखण्याची पद्धतसुद्धा 1971 साली आली.

कारण कसं सापडलं

कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी 1929 मध्ये दाखवलं होतं की फुप्फुस हवेने फुगवायला जेवढा दाब लागतो त्यापेक्षा द्रवाने भरायला खूपच कमी लागतो. द्रवाने भरलं की हवा-पाण्याची सीमाच उरत नाही, म्हणजे फुप्फुसाच्या ओढीचा मोठा वाटा पृष्ठताणाचा आहे. हे निरीक्षण पुढे पंचवीसेक वर्षं कोणी फारसं उचललं नाही.

नंतरचे दोन धागे आले तेही अनपेक्षित ठिकाणाहून: युद्धातल्या विषारी वायूंचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांतून. ब्रिटनमधल्या पोर्टन डाउन इथे रिचर्ड पॅटल यांनी 1955 साली पाहिलं की फुप्फुसातून आलेल्या फेसातले सूक्ष्म बुडबुडे पाण्यात सोडले तरी विरत नाहीत. साध्या पाण्यातला तेवढा बुडबुडा स्वतःच्या पृष्ठताणानेच चिरडून विरून जातो. हा टिकतो म्हणजे त्याच्या कवचाचा ताण शून्याजवळ असला पाहिजे. अमेरिकेत एजवुडला जॉन क्लेमेंट्स यांनी 1957 मध्ये फुप्फुसाच्या अर्काचा पृष्ठताण प्रत्यक्ष मोजला. पृष्ठभाग दाबला की ताण उतरतो, पसरला की चढतो.

क्लेमेंट्स यांचं उपकरण पाहून आलेल्या मेरी एलेन एव्हरी यांनी जेरे मीड यांच्यासोबत बॉस्टनमध्ये तीच मोजणी मृत नवजात बाळांच्या फुप्फुसांवर केली. इतर कारणांनी गेलेल्या, पुरेशा वाढलेल्या बाळांच्या अर्कात ताण मीटरला 10 मिलिन्यूटनच्या खाली उतरे. या आजाराने गेलेल्या बाळांत तो 30 च्या आसपास अडून राही. हा निबंध 1959 चा. म्हणजे फुप्फुसात काहीतरी जास्तीचं जमतं म्हणून नव्हे, तर काहीतरी कमी पडतं म्हणून बाळं दगावत होती. पापुद्र्याकडे पाहणाऱ्यांची नजर एव्हरींनी उलट दिशेला वळवली. (पुढे 1974 साली त्या बॉस्टनच्या त्याच बालरुग्णालयाच्या मुख्य चिकित्सक झाल्या.)

तो रेणू जवळून

1961 साली क्लाउस, क्लेमेंट्स आणि हॅवेल यांनी सर्फॅक्टंटमधला मुख्य क्रियाशील घटक ओळखला: डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलीन. नाव लांबलचक आहे, पण फोड केली की सगळी रचना त्यातच लिहिलेली आहे.

कणा ग्लिसरॉलचा, तीन कार्बनचा. त्यातल्या दोन कार्बनना एकेक पाल्मिटिक आम्ल एस्टर बंधाने जोडलेलं. तिसऱ्याला फॉस्फेट, आणि फॉस्फेटच्या टोकाला कोलीन. फॉस्फेटवर ऋण प्रभार, कोलीनवर धन. एकूण बेरीज शून्य, तरीही हे डोकं पाण्यात रमतं. पाल्मिटिक आम्लाच्या शेपट्या 16 कार्बनच्या, पाण्याला नाकारणाऱ्या. असा रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर आला की डोकं पाण्यात आणि शेपट्या हवेत अशाच पवित्र्यात उभा राहतो. पृष्ठभागावरची पाण्याच्या रेणूंची जागा तो बळकावतो आणि ओढ कमी होते.

पण असा दुतोंडी स्वभाव कुठल्याही फॉस्फोलिपिडाचा, म्हणजे फॉस्फेट असलेल्या लिपिडाचा असतो. पेशीपटलातल्या लेसिथिनचं (फॉस्फॅटिडिलकोलीनचंच हे दुसरं नाव) डोकंही हेच. मग फुप्फुसाला हाच का लागतो?

उत्तर शेपटीत आहे. पाल्मिटिक आम्ल संपृक्त, म्हणजे त्यात एकही दुहेरी बंध नाही. साखळी सरळ राहते आणि शेजारच्या सरळ साखळीला अगदी चिकटून उभी राहू शकते. पेशीपटलातल्या फॉस्फोलिपिडांत बहुधा ग्लिसरॉलच्या मधल्या कार्बनवर असंपृक्त मेदाम्ल असतं, उदाहरणार्थ ओलेइक आम्ल. त्यातला सिस दुहेरी बंध साखळीला वाक देतो आणि वाकलेल्या साखळ्या दाटीने बसत नाहीत. दोन शेपट्यांपैकी एकच बदलली, पाल्मिटिकच्या जागी ओलेइक आलं, तर द्विस्तराचं घट्ट अवस्थेतून प्रवाही होण्याचं तापमान 41 अंश सेल्सियसवरून थेट उणे 2 च्या आसपास घसरतं. शरीराचं तापमान 37. म्हणजे या तापमानाला एक थर दाबला की जवळजवळ घनासारखा कडक होतो, दुसरा दाबला की विस्कटून पाण्यात मुरतो. वायुकोश आक्रसताना ताण शून्याकडे नेणारा थर पहिलाच हवा. पेशीपटलाला मात्र लवचिक राहायचं असतं, त्यामुळे तिथे दुसरा बरा.

पेशी हा फरक किती कटाक्षाने जपते हे पाहण्यासारखं आहे. वायुकोशाच्या भिंतीतल्या ‘टाइप दोन’ पेशी सर्फॅक्टंट बनवतात. त्या आधी नेहमीसारखं, मधल्या कार्बनवर असंपृक्त शेपूट असलेलं लेसिथिन तयार करतात. मग फॉस्फोलिपेज ए-2 जातीचं विकर ती मधली शेपूट कापतं आणि दुसरं विकर तिथे पाल्मिटिक आम्ल बसवतं. संपृक्त लेसिथिनचा मोठा हिस्सा या दुरुस्तीतूनच येतो. तयार लिपिड पापुद्र्यांच्या गुंडाळ्या करून पेशीत साठवलं जातं आणि गरजेनुसार बाहेर सोडलं जातं.

वर्गीकरणाने कुठवर साथ दिली

पाठ्यपुस्तकात लिपिडांचे गट असे येतात: मेदाम्लं, ट्रायग्लिसराइड, फॉस्फोलिपिड, स्फिंगोलिपिड, स्टेरॉल, मेण, आणि जीवनसत्त्वं वगैरे किरकोळ. ही विभागणी मुख्यतः कण्यावर आणि त्याला काय जोडलंय यावर बेतलेली आहे. एरवी या गटांत साम्य एकच: पाण्यात विरघळत नाहीत, सेंद्रिय द्रावकात विरघळतात. प्रथिनं किंवा न्यूक्लिइक आम्लांसारखी एकाच साच्याची ही कुळं नव्हेत.

साडेचौतीस आठवड्यांच्या बाळात यातले बहुतेक गट आपापल्या कामावर असतात. त्वचेखालचं ट्रायग्लिसराइड म्हणजे ऊर्जेचा साठा: ग्रॅममागे सुमारे 9 किलोकॅलरी, कर्बोदकाच्या दुपटीहून जास्त. शिवाय साठवताना सोबत पाणी बाळगावं लागत नाही. हा साठा मुख्यतः शेवटच्या आठवड्यांत भरतो. म्हणून लवकर जन्मलेलं बाळ बारीक दिसतं, लवकर गार पडतं, आणि धाप लागलेली असताना जाळायला त्याच्याकडे इंधनही कमी असतं. हृदयाजवळची डक्टस ही गर्भातली वाट उघडी ठेवण्यात प्रोस्टाग्लँडिन ई-2 चा हात असतो. हेही लिपिडच, 20 कार्बनच्या मेदाम्लापासून बनलेलं. मुदतपूर्व बाळात ती वाट पुष्कळदा बंद व्हायला कुचराई करते.

वर्गीकरणाचा थेट उपयोग दिसतो तो निदानात. गर्भातलं फुप्फुस आपला द्रव गर्भजलात सोडत असतं, त्यामुळे फुप्फुसातली लिपिडं गर्भजलात सापडतात. लुई ग्लक आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये त्यावरून चाचणी बसवली: लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन यांचं गुणोत्तर. दोघांचं डोकं एकच, फॉस्फेट आणि कोलीन. पण लेसिथिनचा कणा ग्लिसरॉल, स्फिंगोमायलिनचा स्फिंगोसिन. एक ग्लिसरोफॉस्फोलिपिड, दुसरं स्फिंगोलिपिड. स्फिंगोमायलिन गर्भजलात फारसं हलत नाही, लेसिथिन मात्र 34-35 आठवड्यांच्या सुमारास झपाट्याने चढतं. गुणोत्तर 2 च्या वर गेलं की फुप्फुस तयार समजायचं. दोन वेगळ्या कुळांतले पण सारख्या डोक्याचे रेणू आयतेच मिळाले: एक मोजायचा, दुसरा मापाला धरायचा. पॅट्रिकचा जन्म नेमका या चढाच्या पायथ्याशी झाला. त्याच वयाची किती तरी बाळं सुखरूप निघतात. काही आठवड्यांचा नव्हे, काही दिवसांचा फरकही इथे पुरतो.

प्रतिबंधाचा उपाय आला तोही लिपिडच. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रसूतीच्या सुरुवातीचा अभ्यास करत होते. स्टेरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेली कोकरं अपेक्षेपेक्षा जास्त श्वास घेताना दिसली. लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी 1972 साली गरोदर स्त्रियांमधल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: मुदतपूर्व प्रसूती होणार असं दिसत असताना आईला बीटामेथासोन दिलं तर बाळांतला हा विकार कमी होतो. शरीर आपले स्टेरॉइड कोलेस्टेरॉलपासून बनवतं. बीटामेथासोनचा सांगाडाही त्याच चार जोडकड्यांचा. म्हणजे इथे एका कुळातलं लिपिड पेशीला निरोप देतं आणि पेशी दुसऱ्या कुळातलं लिपिड बनवायला घेते.

शुद्ध लिपिड दिलं, तरी जमलं नाही

आता मूळ प्रश्न. 1961 मध्ये रेणू कळला होता, तो बनवताही येत होता. मग आजारी बाळाच्या फुप्फुसात तोच का सोडला नाही?

सोडला. कॅनडात रोबिलार आणि सहकाऱ्यांनी 1964 मध्ये डायपाल्मिटॉइल लेसिथिनचे तुषार बाळांना श्वासातून दिले. क्लेमेंट्स यांच्या गटाने सिंगापूरमध्ये असाच प्रयत्न करून 1967 मध्ये निष्कर्ष मांडले. ठोस फायदा दिसला नाही. सिंगापूरच्या गटाने तर मूळ दोष फुप्फुसाच्या रक्तपुरवठ्यात असावा असा कयास बांधला. योग्य सिद्धान्त चुकीच्या प्रयोगामुळे काही वर्षं मागे पडला, आणि तोही सर्फॅक्टंट मोजणाऱ्या माणसाच्याच गटाकडून. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत शिकण्यासारखा टप्पा हाच वाटतो.

फसण्याची कारणं मुख्यतः दोन. तुषारातून आत पोहोचणारी मात्रा अगदीच कमी होती. आणि ज्या गुणासाठी हा रेणू निवडला, तोच आड आला. 41 अंशांखाली तो इतका घट्ट गोळा होऊन राहतो की पाण्यावर पसरायलाच तयार होत नाही. बाळ मिनिटाला पन्नास-साठ श्वास घेतं. प्रत्येक श्वासात पृष्ठभाग उघडला की क्षणार्धात थर पुन्हा पसरला पाहिजे. शुद्ध रेणू दाब उत्तम सोसतो, पण जागेवर वेळेत पोहोचत नाही. मेणाचा तुकडा थंड पाण्यावर टाकावा तसं त्याचं होतं.

नैसर्गिक सर्फॅक्टंट म्हणूनच मिश्रण असतं. वजनाने सुमारे 90 टक्के लिपिडं, 10 टक्के प्रथिनं. फॉस्फोलिपिडांपैकी लेसिथिन साधारण 80 टक्के, आणि त्यातला निम्मा भागच दोन पाल्मिटिक शेपट्यांचा. बाकीच्यात असंपृक्त शेपट्यांचं लेसिथिन आहे, ऋण प्रभाराचं फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आहे, कोलेस्टेरॉल आहे. असंपृक्त रेणू मिश्रणाला प्रवाही ठेवतात. एसपी-बी आणि एसपी-सी ही दोन तेलकट प्रथिनं साठ्यातून पृष्ठभागावर लिपिड पोहोचवण्याचं काम करतात. (थर दाबला जाताना असंपृक्त रेणू खरोखरच पिळून बाहेर पडतात की सगळंच मिश्रण घट्ट होतं, यावर अजून वाद आहे.) एसपी-बी प्रथिनाचा जनुक जन्मतःच निकामी असलेली बाळं 1993 मध्ये प्रथम नोंदवली गेली. दिवस पूर्ण भरलेले, फुप्फुसात फॉस्फोलिपिडं आहेत, तरीही तसाच जीवघेणा श्वसनत्रास.

गोरान एनहॉर्निंग आणि बेंग्ट रॉबर्टसन यांनी 1972 साली मुदतपूर्व सशाच्या पिल्लांना प्रौढ सशांचं नैसर्गिक सर्फॅक्टंट, तुषार न करता, द्रवरूपात दिलं. फुप्फुसं फुलली. 1980 मध्ये जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेल्या अर्कात काही शुद्ध लिपिडं मिसळून ते 10 बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं. काही तासांत ऑक्सिजनची गरज उतरली, क्ष-किरण चित्रात पांढरी पडलेली फुप्फुसं काळी, म्हणजे हवेने भरलेली दिसू लागली.

1990 साली अमेरिकेत पहिलं सर्फॅक्टंट औषध मंजूर झालं, एक्सोसर्फ. ते पूर्णतः कृत्रिम. त्यात डायपाल्मिटॉइल लेसिथिन होतंच, पण एकटं नव्हतं. पसरायला मदत म्हणून हेक्साडेकॅनॉल आणि टायलॉक्सापॉल घातलं होतं. वर्षभरात गाईच्या फुप्फुसापासूनचं सर्व्हँटा आलं. तुलना झाल्या तेव्हा प्रथिनांचा अंश असलेली प्राणिजन्य औषधं जास्त लवकर आणि जास्त चांगली लागू पडली, आणि एक्सोसर्फ मागे पडलं. मात्रा बाळाच्या वजनाच्या किलोमागे 100 ते 200 मिलिग्रॅम फॉस्फोलिपिडांची. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात किलोमागे असतं त्याच्या कित्येक पट जास्त, पण दिवस भरलेलं बाळ जवळपास एवढाच साठा घेऊन जन्मतं.

जिथे हा उपाय थांबतो

बाळांत इतकं यश आल्यावर प्रौढांच्या तीव्र श्वसनत्रासातही सर्फॅक्टंट देऊन पाहिलं गेलं. मोठ्या चाचण्यांत मृत्यू कमी झाले नाहीत. लक्षण सारखं असलं तरी प्रकरण वेगळं आहे. मुदतपूर्व बाळात लिपिड बनलेलंच नसतं, ते भरून देता येतं. न्यूमोनिया किंवा जंतुदोषाने सुजलेल्या प्रौढ फुप्फुसात ते बनतं, पण बिघडतं. झिरपलेली रक्तप्रथिनं पृष्ठभागावर जागा अडवतात. सुजेत वाढलेली फॉस्फोलिपेज ए-2 विकरं लेसिथिनची मधली शेपूट तोडतात. टाइप दोन पेशीच्या आत त्याच जातीचं विकर शेपूट कापतं तेव्हा लगेच तिथे नवी बसते. वायुकोशात ती बसवणारं कोणी नसतं. उरतं एका शेपटीचं लायसोलेसिथिन. डोकं तेच, कणा तोच, वर्गही ग्लिसरोफॉस्फोलिपिडाचाच. पण एका शेपटीचा रेणू सपाट थरात नीट बसत नाही, साबणासारखा वागतो, आणि शेजारचा धड थरही विस्कटतो. वरून औषध म्हणून दिलेलं सर्फॅक्टंटही याच विकरांच्या तावडीत सापडतं.